डोंगरावरचा चिखलणीचा घोडा
(उरलेल्या बर्फावरून हंगाम ओळखणाऱ्यांच्या विद्येचा परिचय)

आपल्याकडे वसंत ऋतूचे वर्णन आंब्याचा मोहोर, पळसाची फुले आणि कोकिळेचा स्वर यांनी सुरू होते व लवकरच संपते. याचे कारण भौगोलिक आहे. विदर्भ-मराठवाड्यात फाल्गुन सरतो न सरतो तोच ऊन कडक होते आणि शेतकऱ्याचे लक्ष वसंतावरून थेट मृगाकडे जाते. ज्या प्रदेशात जमीन वर्षातील चार-पाच महिने बर्फाखाली असते, तेथील वसंत निराळा असतो. तो एका दिवसात येत नाही. तो डोंगराच्या पायथ्याशी आधी पोहोचतो, उतारावरून हळूहळू वर चढतो आणि शिखराजवळच्या घळींत कधी कधी श्रावणापर्यंत अडून राहतो. या चढणाऱ्या वसंताची रेषा खालच्या गावातून डोळ्यांनी दिसते. ती पाहून पेरणीचा दिवस ठरविणारे शेतकरी, तिची वर्षानुवर्षे टिपणे ठेवणारे हौशी निरीक्षक आणि त्या टिपणांतून हवामानाचा इतिहास वाचणारे अभ्यासक, अशा तिघांच्या कामाची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मुख्य उदाहरण जपानचे घेतले आहे. त्याचे एक कारण असे की, तो देशही आपल्या कोकणासारखा भात लावणारा आहे.

बर्फ येतो कोठून?

जपानचे मुख्य बेट होन्शू. त्याच्या मध्यभागी उंच पर्वतरांगांचा कणा आहे. हिवाळ्यात सैबेरियातून अत्यंत थंड व कोरडे वारे निघतात. वाटेत त्यांना जपानचा समुद्र ओलांडावा लागतो. या समुद्राचे पाणी वाऱ्याच्या मानाने बरेच उबदार असल्याने वारे बाष्प शोषून घेतात, पर्वताला धडकून वर चढतात, निवतात आणि आपला सारा भार पश्चिमेच्या उतारावर बर्फाच्या रूपाने टाकतात. पर्वत ओलांडून पूर्वेस उतरणाऱ्या वाऱ्यांत ओल फारशी उरत नाही. म्हणून नीगाता, तोयामा हे प्रांत हिवाळ्यात बर्फात बुडालेले असताना त्याच दिवशी टोकियोत स्वच्छ ऊन पडलेले असते.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. अरबी समुद्रावरून आलेले नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकून कोकणात धो धो पाऊस पाडतात आणि घाटाच्या पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी कोरडी राहतात. यंत्रणा तीच आहे. येथे पाणी पडते, तेथे बर्फ पडतो, एवढाच फरक. या बर्फाचे प्रमाण किती असावे? जपानमधील इबुकी पर्वतावरील वेधशाळेत १४ फेब्रुवारी १९२७ रोजी साचलेल्या बर्फाची खोली ११८२ सेंटिमीटर मोजली गेली. म्हणजे जवळजवळ चार मजली इमारतीइतकी. नीगाता प्रांतातील ताकादा या सखल गावात, जेथे माणसे नित्य राहतात, तेथेही फेब्रुवारी १९४५ मध्ये ३७७ सेंटिमीटर बर्फ साचला होता. अशा मुलखातील लोकांनी बर्फाकडे बारकाईने पाहिले नसते तरच नवल. नीगाता म्हणजे पूर्वीचा एचिगो प्रांत. तेथील शिओझावा गावचा सुझुकी बोकुशी हा व्यापारी कोणी विद्यापीठातील पंडित नव्हता. आपल्या गावचे बर्फ, हिमकणांचे आकार, हिमलोट, बर्फात अडकलेले प्रवासी, बर्फावर अंथरून उन्हात शुभ्र केले जाणारे तागाचे तलम कापड यांविषयी त्याने जे लिहून ठेवले, ते ‘होकुएत्सु सेप्पू’ या नावाने १८३७ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि उष्ण प्रदेशातील शहरी वाचकांनी ते आवडीने वाचले. हौशी हवामान-निरीक्षकांच्या परंपरेत त्याचे स्थान फार वरचे आहे, असे आम्हांस वाटते.

उतारावर उमटणारी चित्रे

एप्रिल उजाडला की डोंगर पायथ्याकडून उघडा पडू लागतो. पण बर्फ सगळीकडे सारखा वितळत नाही. कड्याच्या उघड्या कण्यावरचा बर्फ वाऱ्याने आधीच उडालेला असतो. तो कणा लवकर काळा दिसू लागतो. वाऱ्याने उडविलेला बर्फ घळींत, खोलगट जागी, कड्याच्या आडोशाला जाऊन साचतो. तेथे तो उशिरापर्यंत पांढरा राहतो. काळ्या-पांढऱ्याच्या या खेळातून उतारावर आकृती दिसू लागतात. जपानी भाषेत त्यांना ‘युकिगाता’ म्हणतात. ‘युकि’ म्हणजे बर्फ आणि ‘गाता’ म्हणजे आकार. वसंतात मागे राहिलेल्या बर्फाला ‘झान्सेत्सु’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि तो हायकू लिहिणाऱ्यांच्या ऋतुशब्दांत वसंताखाली नोंदविलेला आहे, हिवाळ्याखाली नव्हे.

या आकृती दोन प्रकारच्या असतात. काहींत उरलेला पांढरा बर्फ हेच चित्र असते आणि भोवतालचा खडक ही पार्श्वभूमी. काहींत उलट असते. उघडा पडलेला काळा खडक हे चित्र आणि बर्फ ही पार्श्वभूमी. फुकुशिमा शहरातून दिसणाऱ्या आझुमा-कोफुजी या १७०७ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या उतारावर पांढरा ससा दिसतो. त्याचे नावच ‘पेरणीचा ससा’. नागानो प्रांतातील जीइगाताके (२६७० मीटर) या शिखरावर बी फेकणारा म्हातारा काळ्या खडकातून प्रकट होतो आणि पर्वताच्या नावातील ‘जीइ’ म्हणजे हाच म्हातारा. चोगाताके (२६७७ मीटर) म्हणजे फुलपाखराचा पर्वत; तेथे पांढरे पंख दिसतात. गोर्यू पर्वतावर (२८१४ मीटर) ताकेदा या सरदार घराण्याचे चार शंकरपाळ्यांसारखे चिन्ह दिसते. जोनेन पर्वतावर (२८५७ मीटर) काळी वस्त्रे ल्यालेला एक भिक्षू हातात मद्याची सुरई घेऊन उभा आहे, असे आझुमिनोचे लोक सांगतात. भिक्षूच्या हाती सुरई कशी, असा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येईलच. लोककल्पनेला शीलाचे नियम लावून चालत नाही; तिने डोंगरावर जे दिसले त्याला नाव दिले आणि मागाहून त्याची दंतकथा रचली.

या सर्वांत आम्हांस सर्वाधिक मोलाचा वाटतो तो शिरोऊमा पर्वतावरचा घोडा. लावणीपूर्वी भाताच्या खाचरात पाणी भरून माती कालवितात. आपण त्याला चिखलणी म्हणतो, जपानीत ‘शिरोकाकी’. पूर्वी हे काम घोड्याकडून करवून घेत. २९३२ मीटर उंचीच्या या पर्वताच्या कण्याजवळ वसंतात काळा घोडा दिसू लागला की, खालच्या खोऱ्यातील लोक आपले घोडे खाचरात उतरवीत. म्हणून तो ‘शिरोकाकी-उमा’, म्हणजे चिखलणीचा घोडा, आणि त्यावरून पर्वताचे नाव शिरोऊमा, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. पुढे एक गंमत झाली. ‘शिरो’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ‘पांढरा’ असा आहे. नाव लिहिताना खाचराचे अक्षर जाऊन पांढऱ्याचे अक्षर आले. मग तीच अक्षरे दुसऱ्या पद्धतीने वाचून ‘हाकुबा’ हा उच्चार रूढ झाला. १९५६ साली दोन गावे एकत्र होऊन जे गाव बनले त्याचे नाव हाकुबा ठेवले गेले आणि १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांमुळे ते जगभर गेले. ‘पांढरा घोडा’ असे नाव मिरविणाऱ्या या गावाला नाव देणारा मूळ घोडा मात्र काळा आहे आणि तो शेतावर राबणारा आहे. नावांचे लिखाण बदलते तेव्हा श्रमिकाची ओळख पुसली जाते, हे आपल्या समाजालाही अनुभवाने ठाऊक आहे.

आकृती तीच, दिवस मात्र निराळा

येथे एक शंका रास्त आहे. दरवर्षी बर्फ नवा पडतो, मग त्याच जागी तोच घोडा, तोच ससा पुन्हा कसा दिसतो? उत्तर बर्फात नाही, जमिनीत आहे. घळ, कडा, खोलगट भाग यांची रचना शतकानुशतके तीच राहते. वारा दर हिवाळ्यात साधारण त्याच दिशेने वाहतो. त्यामुळे कोठे जाड थर साचणार आणि कोठे पातळ, हे जवळपास ठरलेले असते. आकृती स्थिर असते. बदलते ती फक्त तिच्या प्रकट होण्याची तारीख. आणि म्हणूनच ती तारीख हे मापन ठरते. हिवाळ्यात किती बर्फ पडला आणि वसंतात किती उष्णता मिळाली, या दोन राशींचा एकत्रित हिशेब डोंगर त्या एका दिवशी मांडून दाखवितो.

शेतकऱ्याला नेमकी हीच माहिती हवी असते. भाताच्या रोपांना ऊब हवी आणि खाचराला वितळलेल्या बर्फाचे पाणी हवे. शिवाय पंचांगाची एक अडचण होती. जपानमध्ये १८७२ च्या अखेरपर्यंत चांद्र-सौर कालगणना चालू होती आणि १ जानेवारी १८७३ पासून सध्याची कालगणना सुरू झाली. चांद्र-सौर गणनेत अधिक महिना येत असल्याने ‘तिसऱ्या महिन्याची दहावी’ ही तिथी एका वर्षी बर्फात तर दुसऱ्या वर्षी फुलांत येऊ शकते. पेरणीसाठी तिचा उपयोग नाही. आपल्या शेतकऱ्यांनी या अडचणीतून नक्षत्रांची वाट काढली. मृग नक्षत्र सूर्याच्या गतीवर बांधलेले असल्यामुळे ते दरवर्षी ७-८ जूनलाच लागते. अधिक मास आला म्हणून ते हलत नाही. जपानी शेतकऱ्यांनीही वसंतारंभापासून ८८ वा दिवस, म्हणजे साधारण २ मे, असा सौर हिशेब ठेवला होता आणि त्यानंतर दहिवराची भीती सरली असे मानले जाई. परंतु सौर तारीख प्रत्येक वर्षी सारखीच येते. हे वर्ष थंड आहे की उबदार, ते ती सांगत नाही. डोंगर ते सांगतो. आपल्याकडे पावशाची ‘पेरते व्हा’ ही हाक, बहाव्याचा बहर, कावळ्याच्या घरट्याची जागा यांवर लोक नजर ठेवतात ती याच गरजेपोटी.

बर्फ कशाने वितळतो?

विद्यार्थ्यांसाठी हा भाग थोडा विस्ताराने मांडणे इष्ट आहे, कारण यात सामान्य समज आणि पदार्थविज्ञान यांत अंतर आहे.

शून्य अंश तापमानाचा एक ग्रॅम बर्फ वितळविण्यासाठी ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. या अप्रकट उष्म्यामुळेच बर्फ इतका चिवट असतो. त्यातून ताजा बर्फ सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परतवून लावतो. ऊन लख्ख पडले तरी त्यातील थोडाच भाग बर्फाच्या वाट्याला येतो. बर्फ जुना झाला, त्याचे कण मोठे झाले, त्यावर धूळ बसली की तो अधिक प्रकाश शोषतो. आणि एकदा का मधून काळा खडक डोकावला की, तो तापतो व आजूबाजूच्या कडा वितळवू लागतो. त्यामुळे आकृतीची सुरुवात मंद असते, पण ती एकदा दिसू लागली की काही दिवसांत ठळक होते.

आता पावसाचा विचार करू. पाऊस पडला की बर्फ धुऊन जातो, असे सर्वांना वाटते. हिशेब करून पाहा. १० अंश तापमानाचा १० मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर बर्फावर पडला, तर ते १० किलोग्रॅम पाणी झाले. ते शून्य अंशापर्यंत निवताना १०० किलोकॅलरी उष्णता देईल. प्रत्येक किलो बर्फाला ८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे सव्वा किलो बर्फ वितळेल. दहा मिलिमीटर पाऊस आणि वितळले सव्वा मिलिमीटर पाणी! मग पावसाळी दिवसांत बर्फ झपाट्याने का जातो? कारण त्या दिवशी वारा दमट असतो. दमट वाऱ्यातील बाष्प बर्फाच्या थंड पृष्ठभागावर द्रवरूप होते आणि प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ६०० कॅलरी सोडते. एक ग्रॅम बाष्प साडेसात ग्रॅम बर्फ वितळविते. काम वाऱ्याचे असते आणि श्रेय पावसाला मिळते.

जपानच्या वसंतात या वाऱ्याला फार महत्त्व आहे. वसंतारंभानंतर दक्षिणेकडून येणाऱ्या पहिल्या जोरदार वाऱ्याला ‘हारु-इचिबान’ म्हणतात; वसंताचा पहिला, असा त्याचा अर्थ. ऐकायला नाव गोड आहे. त्याच्या मागची घटना गोड नाही. १८५९ साली इकि बेटावरचे ५३ मच्छीमार या वाऱ्यात सापडून बुडाले आणि त्यांच्या गावच्या दर्यावर्दी लोकांतील या वाऱ्याचे नाव पुढे देशभर रूढ झाले, असे सांगितले जाते. हाच दक्षिणेचा वारा पर्वत ओलांडून जपानच्या समुद्राकडे उतरताना दाबला जाऊन अधिक तापतो. तो कोरडा असल्याने बाष्पाची उष्णता त्याच्याजवळ नसते, पण स्वतःचे तापमान इतके वाढलेले असते की त्या दिवसांत बर्फ वेगाने खचतो आणि हिमलोटांचा धोका वाढतो. नंतर पुन्हा थंडी परतते. तीन दिवस थंड, चार दिवस उबदार, असे वसंताच्या आगमनाचे वर्णन तेथे करतात. चेरी फुलल्यानंतर येणाऱ्या थंडीलाही वेगळा शब्द आहे. ज्या भाषेत थंडीच्या परतण्याला इतकी नावे आहेत, तेथील शेतकरी पहिल्या उबदार दिवशी बी टाकणार नाही.

टिपणे ठेवणारी माणसे

ताबुची युकिओ (१९०५-१९८९) यांनी काही काळ शिक्षकी केली आणि पुढे आझुमिनोत राहून पर्वत व फुलपाखरे यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालविले. ते छायाचित्रकार होते. खोऱ्याखोऱ्यांतून हिंडून, वृद्ध शेतकऱ्यांना विचारून त्यांनी युकिगाता टिपल्या, त्यांची नावे, जागा, दिसण्याचे दिवस नोंदविले आणि १९८१ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पांढरे चित्र आणि काळे चित्र हा भेद अभ्यासकांना सोयीचा झाला तो मुख्यतः त्यांच्या कामामुळे. हे काम आणखी वीस वर्षांनी कोणी हाती घेतले असते, तर अनेक आकृतींची नावे सांगणारी माणसेच उरली नसती. घोडे गेले, यंत्रे आली. रोपे आता प्लास्टिकच्या आच्छादनाखाली वाढतात. नोकरी सांभाळून शेती करणारे लोक एप्रिल-अखेरच्या लागोपाठच्या सुट्ट्यांत लावणी उरकतात. डोंगराकडे पाहून दिवस ठरविण्याची निकड बहुतेक गावांत राहिलेली नाही. तरीही लोक पाहतात. फुजी पर्वताच्या (३७७६ मीटर) उतारावर फुजियोशिदा शहरातून जो बर्फाचा पक्षी दिसतो, त्याला ‘नोतोरी’, म्हणजे शेतीचा पक्षी, म्हणतात. तो एरवी एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत दिसतो आणि दिसला की शहराची नगरपालिका ते जाहीर करते.

या पक्ष्यानेच एक प्रश्न उभा केला आहे. अलीकडच्या काही वर्षांत तो जानेवारीतच दिसल्याच्या नोंदी आहेत. त्याचा अर्थ वसंत आला असा होत नाही. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, किंवा जोरदार वाऱ्याने तो उडवून नेला, म्हणून ते चित्र भर थंडीत उघडे पडले. वर आपण पाहिले की, तारखेत दोन राशी मिसळलेल्या असतात: पडलेला बर्फ आणि मिळालेली उष्णता. पहिली राशी जुन्या प्रमाणात राहते तोवर आकृती उबेची खूण देते. बर्फच कमी पडू लागला, तर आकृती लवकर दिसते, पण जमीन थंड असते आणि दहिवर पडायचे असते. अशा खुणेवर विसंबून पेरणारा फसेल. पाणीही कमी असेल, ही त्यातली दुसरी आपत्ती.

आपल्या पालकांपैकी पुष्कळांनी दुबार पेरणी सोसली आहे. मृगाच्या आधी वळवाचे दोन पाऊस जोरात झाले, लोकांनी बी टाकले, मग तीन आठवडे आभाळ कोरडे राहिले आणि अंकुर करपले. वळवाचा पाऊस खरा होता, ओलही खरी होती. पण मोसमी पाऊस स्थिरावल्याची ती खूण नव्हती. खूण जेव्हा घडली तेव्हाच्या परिस्थितीशी बांधलेली असते. परिस्थिती हलली की तीच खूण दुसरे काही सांगू लागते. जुन्या लोकांचे ज्ञान खोटे होते असा याचा अर्थ लावणे अन्यायाचे आहे, आणि ते जसेच्या तसे आजही चालेल असे म्हणणे त्याहून घातक आहे. खूण कशाचे मापन करते हे समजून घेतले, तर तिचा वापर कोठवर करावा हे ठरविता येते.

नोंद दीर्घकाळ ठेवली तर काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण त्याच नागानो प्रांतात आहे. सुवा नावाचे सरोवर हिवाळ्यात गोठते. थंडी-उबेच्या फेऱ्यांनी बर्फाला भेगा पडून त्याची उंच कड उभी राहते. देवाची वाट म्हणून स्थानिक शिंतो मंदिराचे पुजारी तिची नोंद १४४३ पासून ठेवीत आले. श्रद्धेपायी ठेवलेली ही वही आज हवामानशास्त्राचे साधन झाली आहे. पहिल्या अडीचशे वर्षांत सरोवर न गोठलेले हिवाळे अवघे तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत पाच. या आकड्यांवर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

स्कॉटलंडमधील काही माणसांची चिकाटी अशीच आहे. तेथे हिमनद्या नाहीत. पण ब्रेरिआख या १२९६ मीटर उंचीच्या पर्वताच्या एका खोल कोनाड्यात बर्फाचा एक लहानसा तुकडा उन्हाळाभर टिकून राहतो. त्याच्या वरच्या कड्यावरील गिर्यारोहणाच्या वाटेवरून त्याला ‘स्फिंक्स’ हे नाव पडले. अॅडम वॉट्सन (१९३०-२०१९) या परिसरशास्त्रज्ञाने अशा तुकड्यांचा अभ्यास आयुष्यभर केला आणि त्यांच्याकडून ते काम इयन कॅमेरॉन यांनी उचलले. हे दुसरे गृहस्थ व्यवसायाने हवामानशास्त्रज्ञ नाहीत. सुट्टीच्या दिवशी सोबत्यांना घेऊन पायपीट करायची, फीत लावून लांबी-रुंदी मोजायची, छायाचित्र घ्यायचे आणि वर्षअखेर रॉयल मिटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या ‘वेदर’ या नियतकालिकात अहवाल द्यायचा, असा त्यांचा क्रम. स्फिंक्स संपूर्ण वितळल्याची वर्षे त्यांच्या नोंदीत अशी आहेत: विसाव्या शतकात १९३३, १९५९ आणि १९९६, एकविसाव्या शतकात २००३, २००६, २०१७, २०१८, आणि मग २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार वर्षे. पहिल्या वेळी, म्हणजे १९३३ साली, हा प्रकार इतका अपूर्व वाटला की गिर्यारोहकांनी लंडनच्या ‘द टाइम्स’ला पत्र लिहून तो कळविला होता.

सरकारी यंत्रणेवर हे काम सोपवून निश्चिंत राहता येईल का? जपानच्या हवामान खात्याकडे झाडे व प्राणी यांच्या ऋतुमानाची नोंद करण्याची जुनी पद्धत होती. ३४ वनस्पती आणि २३ प्राणी, अशा ५७ जातींवर देशभरातील वेधशाळा लक्ष ठेवीत. जानेवारी २०२१ पासून खात्याने प्राण्यांची नोंद पूर्णपणे थांबविली आणि वनस्पतींपैकी केवळ सहा ठेवल्या. शहरे वाढली, वेधशाळेच्या आसपास पाखरे व कीटक सापडेनात, हे कारण खरेच होते. पण पाखरे सापडत नाहीत हीदेखील नोंद असते! पुढे तेथील राष्ट्रीय पर्यावरण संस्थेने सामान्य नागरिकांना हाताशी धरून या नोंदींचे काम पुढे चालविले, ही समाधानाची गोष्ट.

निवासी शाळेतील मुलामुलींना या बाबतीत एक अनुकूलता आहे, ती घरून ये-जा करणाऱ्यांना नाही. ती वर्षाचे बहुतेक दिवस एकाच आवारात सकाळ-संध्याकाळ असतात. एकच बहावा, एकच पळस, एकाच विहिरीची पातळी, पावशाची पहिली हाक, पहिला वळीव, इतके विषय पुरेसे आहेत. वहीत झाडाची जागा कायमची लिहून ठेवावी, म्हणजे पाहणारी तुकडी बदलली तरी झाड बदलणार नाही. ‘फुले आली’ म्हणजे नेमके काय, पहिली कळी उमलली की अर्धे झाड पिवळे झाले, हे पहिल्याच पानावर ठरवून लिहावे. रोज पाहिले की आठवड्याने, हेही लिहावे. फुलाची तारीख लिहिताना त्या साली आधी पाऊस झाला होता का, झाडाला कोणी पाणी घातले का, याची ओळ सोबत असावी. नाहीतर फुजीच्या पक्ष्यासारखी त्या तारखेचीही दिशाभूल होईल. माजी विद्यार्थ्यांपैकी जे गावी शेती करतात, त्यांच्याकडे पेरणीच्या, दुबार पेरणीच्या आणि पहिल्या पावसाच्या तारखा जुन्या वह्यांत, बी-बियाण्यांच्या पावत्यांवर, भिंतीवरच्या दिनदर्शिकांवर पडून असतील. त्यांची नक्कल शाळेच्या ग्रंथालयात जमा करता येईल. आणि ज्या वर्षी काहीच दिसले नाही, त्या वर्षीचा रकाना कोरा ठेवू नये. सुवा सरोवराच्या वहीत बर्फाची कड उभी न राहिलेल्या वर्षांसाठीही शब्द ठरलेला आहे: ‘आके नो उमि’, उघडे पाणी. तेवढेच लिहितात, खाली साल घालतात आणि पान उलटतात.